टेपच्या टोकाचा हुक हलतो, तो बिघाड की मुद्दाम?

गवाक्ष:
जुन्या लाकडी कपाटात तीन फळ्या बसवायला घेतल्या. पाच मीटरची स्टीलची टेप बाहेर काढली, तर तिच्या टोकाचा पत्र्याचा हुक पुढेमागे सरकत होता. मला वाटलं रिव्हेट सैल झालेत. खाली लोखंडी ठोकळा धरून हातोडीने दोन्ही रिव्हेट चेपले, हुक पक्का बसला. मग कपाटाची आतली रुंदी घेतली, ६०० मिलिमीटर भरली. फळीच्या कडेला हुक अडकवून तेवढ्यावर खुणा केल्या आणि कापलं. तिन्ही फळ्या आखूड! फट मिलिमीटरभराचीच आहे, पण तिघींना अगदी सारखी. करवत रेघेच्या बाहेरच चालवली होती, त्याची मला खात्री आहे. तो हुक मुळात सैलच असायला हवा होता का? आणि बिघाड वाटावा पण बिघाड नसावा, अशा आणखी कोणत्या वस्तू घरात असतात? पुन्हा काही ठोकण्याआधी विचारून घेते आहे.

रंधा:
तिन्ही फळ्यांना सारखी फट, हे वाचूनच हाताची चूक नाही हे कळलं. हाताची चूक प्रत्येक वेळी वेगळी पडते. सारखी पडते ती अवजाराची.

हुक सैलच हवा. त्याच्या पत्र्याची जाडी साधारण एक मिलिमीटर असते आणि तो जेवढा सरकतो तेही बरोबर तेवढंच. फळीच्या कडेला अडकवून टेप ओढली की हुक बाहेर येतो, आणि शून्य त्याच्या आतल्या बाजूवर पडतं. म्हणजे पत्र्याची जाडी मापात धरली जात नाही. कपाटाच्या आत टेप भिंतीला टेकवून दाबली की हुक आत जातो आणि शून्य त्याच्या बाहेरच्या बाजूवर येतं. आता जाडी धरली जाते, कारण भिंतीला तीच टेकलेली असते. एकाच टेपने आतलं आणि बाहेरचं माप खरं यावं म्हणून ही सोय आहे. म्हणूनच पातीतली रिव्हेटची भोकं गोल नसतात, लांबट असतात.

तुमचा हुक कुठल्या जागी पक्का झालाय ते बघून घ्या. पोलादी पट्टीने फळीच्या कडेपासून २०० मिलिमीटरवर बारीक खूण करा. टेप कडेला अडकवून ती खूण वाचा. मग फळीचं तेच टोक भिंतीला लावा, टेप भिंतीला टेकवा आणि पुन्हा वाचा. दोन्ही वेळा २०० यायला हवेत. अडकवून २०१ आले तर हुक आतल्या जागी अडकलाय. टेकवून १९९ आले तर बाहेरच्या जागी. दोन्हीत फळी आखूडच पडते, फक्त चूक वेगळ्या मापात होते.

वडिलांच्या हाताखाली शिकत असताना टेप सोडली की ती खट्‌कन आत जायची, त्यावर ते रागवायचे. मला तेव्हा तो नुसता शिस्तीचा भाग वाटे. खरं तर प्रत्येक दणक्याने ती लांबट भोकं आणखी मोठी होतात आणि हुक जाडीपेक्षा जास्त सरकायला लागतो. मग सैलपणाच खोटं माप देतो. टेप बोटाने थोपवत आत घ्या.

हुकात मधे चीर असेल तर ती खिळ्याच्या डोक्यावर अडकवायला असते, एकट्याला लांबचं माप घेता येतं. खालची कड दातेरी असेल तर पेन्सिल नसताना लाकडावर ओरखडा काढायला. डबीच्या अंगावर तिची स्वतःची लांबी छापलेली असते. आतल्या मापात डबीची पाठ समोरच्या भिंतीला लावायची आणि तेवढी लांबी मिळवायची. पातीला पन्हळीसारखा बाक असतो तोही मुद्दाम, त्यामुळे ती हवेत ताठ राहते. हायरम फॅरंड यांनी १९२२ मध्ये त्याचं पेटंट घेतलं.

चेपलेला रिव्हेट पुन्हा धड होत नाही. नवी टेप घ्या. तोवर टोक वापरू नका, १० सेंटिमीटरच्या रेघेपासून मोजा आणि शेवटी १० वजा करा.

अर्थिंग:
विजेचं काम करतो म्हणून एक गोष्ट कळकळीने सांगतो. तीन पिनांच्या गोल प्लगमधली वरची पिन लांब आणि जाड असते. सॉकेटमध्ये शिरत नाही म्हणून ती कापून टाकलेली मी पाहिली आहे. कृपया असं करू नका. ती लांब असते ती आधी जोडली जावी आणि सर्वांत शेवटी सुटावी म्हणून. उपकरणात वीज यायच्या आधी त्याचं धातूचं अंग जमिनीशी जोडलेलं असतं. जाड असते ती चुकून विजेच्या भोकात जाऊ नये म्हणून. पिनांना मधे चीर असेल तर ती पिन तापून फुगते म्हणून ठेवतात असं खूप जण सांगतात, पण ते खरं नाही. चिरेमुळे पिनेला स्प्रिंगसारखा ताण येतो आणि ती सॉकेटमध्ये घट्ट धरून बसते.

शाईची दौत:
बॉलपेनच्या टोपणाचं भोक मेणाने बुजवू नका, घरात लहान मूल असेल तर मुळीच नाही. शाई सुकू नये म्हणून ते असतं हा गैरसमज आहे. टोपण गिळून घशात अडकलं तरी थोडी हवा आत जात राहावी, यासाठी ते आहे. १४ वर्षांपर्यंतची मुलं वापरतील अशा पेनांच्या टोपणांसाठी आयएसओ ११५४० नावाचं मानकच आहे. पेनच्या नळीवर बारीक भोक दिसलं तर ते वेगळं: आतल्या आणि बाहेरच्या हवेचा दाब सारखा राहावा म्हणून, नाहीतर शाई नीट उतरत नाही.

चावीवाला:
कुलपाच्या तळाशी चावीच्या भोकाशेजारी आणखी एक बारीक भोक दिसलं तर तेही बुजवू नका. पावसाचं पाणी तिथून निथळतं, आणि कुलूप जड चालायला लागलं की तेलाचे दोन थेंब तिथूनच सोडायचे.

गवाक्ष:
रंधा, तुम्ही सांगितलं तसं करून बघितलं. अडकवून २०१, टेकवून २००. म्हणजे कपाटाचं माप खरं होतं आणि फळीवरची खूण खोटी. नवी टेप आणली, तिचा हुक हलवून पाहिला तेव्हा किती बरं वाटलं! आखूड फळ्यांचं काही करता येईल का?

रंधा:
येईल. अर्ध्या मिलिमीटरची व्हीनियरची, म्हणजे लाकडाच्या पातळ पापुद्र्याची, पट्टी दोन्ही टोकांना चिकटवा, एक मिलिमीटर भरून निघेल. गोंद पातळ लावा, आणि पूर्ण वाळेपर्यंत फळी कपाटात घालून बघू नका.

गवाक्ष:
काल तिन्ही फळ्यांना पट्ट्या लावल्या. वरची आज सकाळी बसवली. तळहाताने दाबावी लागली, इतकी बरोबर आहे. बाकीच्या दोन अजून वाळताहेत.