आधी रस्ता कुणाचा ते बघा
नळजोडणीसाठी रस्ता खोदायला महापालिकेची परवानगी पुरते का, असं वर विचारलंय. रस्ता कुणाचा, त्यावर आहे की हो. बेळगावातल्या गल्लीत पुरते. कॅम्पात कॅन्टोन्मेंट बोर्ड, राज्य मार्गावर सार्वजनिक बांधकाम खातं, पुणे-बेंगळूरु ४८ नंबरला महामार्ग प्राधिकरण. आमचा अर्ज तीन आठवडे भलत्याच टेबलावर पडून होता. त्यात अर्जासोबतच्या नकाशात गटार उलट्या बाजूला काढलेलं (ती चूक आमच्याच प्लंबरची). रस्तादुरुस्तीचे पैसे आधी भरावे लागले, पावती जपून ठेवा. डांबर ताजं असेल तर रस्ता न फोडता खालून आडवं बोअर मारून पाईप ढकलायची तयारी दाखवा. आणि हेस्कॉमची (वीज कंपनीची) केबल कुठून गेलीय ते लाईनमनकडून आधी विचारून घ्या. आमच्या दारात पहार केबलच्या वीतभर अलीकडे थांबली.