भडक जांभळ्या भिंतीसोबत कोणते रंग घ्यावेत?

हॉलची एक भिंत जांभळी केलीय, फिकी लॅव्हेंडर नाही, एकदम झळझळीत, आणि मला ती जाम आवडलीय त्यामुळे बदलायची नाहीये. आता बाकीच्या भिंती, पडदे आणि कुशन ठरवायचेत. राखाडीचा पट्टा मारून बघितला तर डब्यात छान दिसणारा रंग जांभळ्याशेजारी पिवळट, मळका दिसायला लागला. असं का होतं?

उत्तर १
राखाडीचा दोष नाही. भडक रंगाच्या शेजारी फिका रंग ठेवला की डोळ्याला त्यात उलट्या रंगाची झाक दिसते, आणि जांभळ्याच्या उलट पिवळा. शेव्रल नावाच्या फ्रेंच केमिस्टकडे हीच तक्रार आलेली, निळ्या-जांभळ्याजवळचा काळा धागा फिका पडतो म्हणून, तर धागा चांगलाच होता, घोळ शेजारच्या रंगाचा होता. 1839 मध्ये त्यांनी यावर मोठं पुस्तकच लिहिलं. तुम्ही अगदी किंचित जांभळट झाक असलेला राखाडी घ्या, मळका नाही दिसणार.

उत्तर २
पिवळा घ्याच पण बेताने! पिवळा सगळ्यात उजळ आणि जांभळा सगळ्यात गडद, म्हणून इटेन नावाच्या स्विस चित्रकाराच्या हिशोबात तीन भाग जांभळ्याला एक भाग पिवळा पुरतो. तोही लिंबासारखा नको, मोहरी कलर बघा, एकदोन कुशन बास. पिवळे पडदे लावलेत तर भिंत आणि पडदे दोघंही ओरडायला लागतील आणि बसणाऱ्याला त्रास.

उत्तर ३
मला तरी पिवळ्यापेक्षा शेवाळी हिरवा जास्त आवडतो, जांभळी फुलं हिरव्या पानांत किती शांत दिसतात बघा ना. बाकीच्या भिंती मोतिया ठेवा, निळसर पांढरा थंड वाटतो. आणि एक राहिलंच, बल्ब कोणते आहेत? पिवळ्या उजेडात जांभळा लालसर होतो, त्यामुळे दिवसा बघून ठरवलेलं रात्री फसतं.

मूळ प्रश्नकर्ती
बल्ब 2700 केल्विनचे, म्हणजे पिवळ्या उजेडाचेच आहेत, म्हणूनच रात्री भिंत वांगी कलरची दिसते होय! मोतिया नक्की. शेवाळी आणि मोहरी दोन्ही कापडांचे मोठे तुकडे आणून भिंतीला टाचते, दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा बघते आणि मग सांगते.