फ्रीरेन: पहिले चार भाग सलग बघा

‘फ्रीरेन’ या जपानी अ‍ॅनिमे मालिकेचा पहिला भाग संथ आहे, काही घडतच नाही, अशी तक्रार असते. अहो, पण त्या एका भागात ५० वर्षं उलटतात की! राक्षसराजाला मारून चौघं परततात, १० वर्षांचा प्रवास संपतो आणि रात्री उल्कावर्षाव बघताना फ्रीरेन सहज म्हणते, ५० वर्षांनी पुन्हा दिसेल तेव्हा याहून चांगली जागा दाखवते. हजारो वर्षं जगणारी एल्फच ती, तिला ५० वर्षं म्हणजे आलेच परवा. ती उगवते तेव्हा त्या चौघांचा नायक हिम्मेल टक्कल पडलेला, पांढऱ्या दाढीचा म्हातारा झालेला. त्याच्या अंत्यविधीला ती आधी कोरडी उभी असते. मग एकदम रडू फुटतं, की याला नीट ओळखून घ्यायचं राहूनच गेलं. मी तिथे संपलो.

जपानी टीव्हीवर सप्टेंबर २०२३ मध्ये पहिले चार भाग दोन तासांचा एकच कार्यक्रम म्हणून दाखवले होते. तसेच बघा. दुसऱ्या भागात हिम्मेलच्या पुतळ्याभोवती लावायला त्याच्या गावचं निळं फूल ती सहा महिने शोधत बसते, आणि तिची शिष्या, बिचारी फेर्न, शेवटी वैतागते. मारामारीची वाट बघत असाल तर हे सगळं रटाळ वाटणारच.

मॅडहाउस या स्टुडिओचं काम देखणं आहे, इव्हान कॉलचं संगीतही. योआसोबीचं सुरुवातीचं गाणं मात्र मला या मालिकेच्या मानाने फारच धावतं वाटलं. दर वेळी स्किप करतो.