घरसभा सुरू करून बघा
काही जण म्हणतात, मराठी आणि कन्नड उपासना वेगळ्या असल्यानं चर्चची मंडळी दुभंगते. मला नाही पटत. बेळगावचा कॅथलिक धर्मप्रांत १९५३ सालचा. तिथे कोकणी, मराठी, कन्नड मिस्सा (कॅथलिक उपासना) होतातच की. खरी फूट उपासना संपल्यावर पडते, जो तो चपला घालून घरी!

आमच्याकडे खानापूर भागात बुधवारी घरसभा असते, म्हणजे घरी जमून बायबलवाचन. पावसाळ्यात वीज गेली की टॉर्चच्या उजेडात एक अज्जी कन्नडमधून वाचतात, माझी मुलगी तोच उतारा मराठीतून. मग कोण आजारी, कुणाची भातलावणी राहिली, ही चौकशी. बायबलात प्रेषितांची कृत्ये २:४६ मध्येही घरोघरी भाकर मोडणंच आहे. फक्त खाण्यापिण्याची चढाओढ नको. आमच्यात ती लागली होती, शेवटी चहा-बिस्किटांवर आणली.