बनावट गिऱ्हाईक आणि अपील
ड्रग्ज केसमध्ये शिक्षा झालेला तुमचा भाऊ, पोलिसांनीच बनावट गिऱ्हाईक पाठवलं म्हणून अपिलात सुटेलच असं कोणीतरी सांगितलं असेल, तर प्लीज तेवढ्यावर विसंबू नका. नुसत्या त्या मुद्द्यावर एनडीपीएसची (अमली पदार्थविरोधी कायद्याची) शिक्षा सहसा रद्द होत नाही. खरी लढाई कागदांवर असते, या कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडतीचा हक्क आहे हे भावाला सांगितलं होतं का (हे अंगझडतीलाच, बॅगेला नाही), जप्त मालाचं सॅम्पल कधी काढलं, सील कोणाकडे होतं, पंच (झडतीचे साक्षीदार) उलटतपासणीत काय बोलले ते सगळं वकिलाबरोबर बसून वाचा. तक्रारदार आणि तपास अधिकारी एकच म्हणून सुटका, हा सुप्रीम कोर्टाचा २०१८ चा मोहनलाल निकाल लोक अजून सांगतात पण २०२० ला मुकेश सिंग केसमध्ये त्याच कोर्टाच्या घटनापीठाने तो फिरवलाय. आणि हायकोर्टात अपिलाची मुदत ६० दिवसच आहे, निकालाच्या सर्टिफाइड कॉपीसाठी आजच अर्ज करा.