मदत हवी आहे: कॅनडा पीआर, एजंटने प्रोफाइलमध्ये भलताच एनओसी (कामाचा कॅनडातला कोड) टाकलाय

नमस्कार मंडळी,

पोस्ट लांबणार आहे, आधीच माफी मागते. खरा घोळ शेवटी आहे, तेव्हा मध्येच सोडू नका.

मी ३१ वर्षांची, अर्ज एकटीचाच. मेकॅनिकलमध्ये एम.ई., ईसीए (इथल्या पदवीचं कॅनडासाठी मूल्यांकन) झालेलं आहे, कॅनडाच्या मास्टर्सच्या तोडीचं धरलंय. अनुभव साडेसहा वर्षांचा, पहिल्या कंपनीत अडीच आणि आताच्या कंपनीत चार. काम म्हणाल तर इंजिनिअर पार्ट डिझाइन करतात, मी त्याचं थ्रीडी मॉडेल करते, ड्रॉइंग काढते, टॉलरन्स टाकते, शॉप फ्लोअरवरून बदल आले की रिव्हिजन करते. हुद्दा मात्र 'सीनियर एक्झिक्युटिव्ह'. त्यातून कुणाला काय कळणार!

एक्स्प्रेस एंट्री या ऑनलाइन पीआर पद्धतीतल्या फेडरल स्किल्ड वर्कर गटासाठी १०० पैकी ६७ गुण लागतात, माझे ७३ होतात. तिथे प्रश्न नाही. रडकथा सीआरएसची, म्हणजे उमेदवारांची क्रमवारी लावणाऱ्या गुणांची आहे. आयईएल्टीएसमध्ये रीडिंग ७.५, रायटिंग ७, स्पीकिंग ७ आणि लिसनिंग ७.५. निकाल पाहून मी खुशीत पेढे वाटायच्या बेतात होते. मग कळलं की सीएलबी (कॅनडाची इंग्रजी मोजायची पट्टी) ९ ला लिसनिंगमध्ये ८ लागतात. एक अर्धा बँड कमी पडला आणि माझा स्कोअर ४५८ ऐवजी ४०० वर आला. लिसनिंगचे जातात ८ च, पण चारही विषयांत सीएलबी ९ नाही म्हणून शिक्षण-भाषा या जोडीचे २५ आणि अनुभव-भाषा या जोडीचे २५ पण जातात. दीड महिन्यात ३२ पूर्ण होतील, तेव्हा वयाचे अजून ५ जातील.

या धास्तीपोटी मी एजंट गाठला. प्रोफाइल त्यानेच बनवलं, ईमेल आयडी त्याचा, पासवर्ड त्याच्याकडे. 'तुम्ही टेन्शन घेऊ नका मॅडम' हे वाक्य मी आत्तापर्यंत किमान पन्नासदा ऐकलंय.

परवा त्याने नोकरीच्या पत्राचा मसुदा पाठवला, कंपनीच्या लेटरहेडवर सही घेऊन या म्हणून. त्यात माझं काम लिहिलंय: यंत्रणांच्या व्यवहार्यतेवर संशोधन, प्रकल्पाच्या खर्चाचे अंदाज, बॉयलरच्या बसवणीवर देखरेख. अहो, मी जन्मात बॉयलर जवळून पाहिलेला नाही! विचारल्यावर म्हणाला, प्रोफाइल २१३०१ म्हणजे मेकॅनिकल इंजिनिअरमध्ये टाकलंय, तो कोड स्टेमच्या (विज्ञान-तंत्रज्ञानातल्या कामांच्या) यादीत बसतो, 'सगळे असंच करतात'. मी स्वतः एनओसीची पानं वाचली. मला माझं काम २२२१२ मध्ये, ड्राफ्टिंग टेक्नॉलॉजिस्टमध्ये दिसतंय.

अजून आयटीए (अर्ज करायचं आमंत्रण) आलेलं नाही. आता काय करू? प्रोफाइल काढून नवीन केलं तर आधीचं चुकीचं अंगाशी येईल का? आमचं एचआर फक्त तारखा आणि हुद्दा लिहून देतं, आणि पहिली कंपनी तर मालकाने दोन वर्षांपूर्वी बंदच केली. तिचं पत्र आणायचं कुठून?

प्लीज, 'कशाला जाताय तिकडे' हा सल्ला नको. तो घरी रोज मिळतो.

कागदी_घोडे:
त्या पत्रावर सही घेऊ नका. हे पहिलं.

चुकीची माहिती दिल्याचं सिद्ध झालं तर कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ४० खाली पाच वर्षांची बंदी येते, आणि 'एजंटने भरलं' हे कारण चालत नाही. अर्ज तुमचा, जबाबदारी तुमची. तुमचं नशीब की आयटीए आलेलं नाही. पूलमध्ये (आमंत्रणाची वाट पाहणाऱ्यांत) असताना प्रोफाइल दुरुस्त करायची सोय आहे, आणि चूक कळल्यावर दुरुस्त करणं तुमचं कामच आहे. आयटीए नंतर ६० दिवसांत पूर्ण अर्ज द्यावा लागतो. बॉयलरचं भांडं फुटलं असतं ते तिथे, कागद तपासताना.

आता गंमत बघा. फेडरल स्किल्ड वर्करला टीअर (कामाला लागणाऱ्या शिक्षण-अनुभवाची पातळी) ० ते ३ चालतात. २१३०१ टीअर १ चा, २२२१२ टीअर २ चा. परदेशातल्या अनुभवाचे सीआरएस गुण दोन्हीला सारखेच. म्हणजे ज्या कोडसाठी तुम्हाला बॉयलरवर चढवलं, त्याने स्कोअर एका गुणानेही वाढलेला नाही.

कोड ठरवताना हुद्दा बघू नका. एनओसीच्या पानावर सुरुवातीला जे वर्णन असतं ते जुळायला हवं आणि खालच्या मुख्य कामांपैकी बहुतेक तुम्ही खरोखर करत असायला हवीत. तुमचं वर्णन वाचून मलाही २२२१२ च वाटतोय.

सवाई_गंधार:
एजंट परवानाधारक आहे का ते आधी बघा. पैसे घेऊन सल्ला द्यायचा अधिकार आरसीआयसींना (परवानाधारक इमिग्रेशन सल्लागारांना), कॅनडातल्या वकिलांना आणि अशा मोजक्याच लोकांना आहे. आरसीआयसींची नावं त्यांच्या 'कॉलेज'च्या, म्हणजे नियामक संस्थेच्या, ऑनलाइन यादीत सापडतात. तुमच्याकडून आयएमएम ५४७६ हा प्रतिनिधीचा फॉर्म सही करून घेतला होता का? नसेल तर तो पडद्याआडून तुमच्या नावाने खातं चालवतोय, असं समजा. अधिकृत माणूस स्वतःच्या प्रतिनिधी पोर्टलमधून काम करतो, तुमच्या नावाचं खातं आणि आपला ईमेल अशी भानगड करत नाही.

फोनवर बोलू नका, लेखी मागा: लॉगिन द्या, नाहीतर प्रोफाइल मागे घेऊन त्याचा स्क्रीनशॉट पाठवा. एका माणसाची एका वेळी दोन प्रोफाइल चालत नाहीत, म्हणून जुनं निघाल्याशिवाय नवं करू नका.

(मी स्वतः एका मित्राच्या ओळखीने असाच एक 'सर' गाठला होता. सहा महिने त्याचे गुड मॉर्निंगचे मेसेज आले, बाकी काही नाही.)

कागदी_घोडे:
पत्राचं राहिलं. एचआरशी भांडत बसू नका. त्यांच्याकडून तारखा-हुद्द्याचं पत्र घ्या. दुसरं पत्र तुमच्या थेट वरिष्ठांकडून घ्या: कामं, आठवड्याचे तास, पगार आणि भत्ते, त्यांचा हुद्दा, संपर्क. तास विसरू नका, आठवड्याला ३० ही अट आहे आणि निम्म्या लोकांच्या पत्रात नेमका तोच आकडा नसतो. बंद कंपनीसाठी तेव्हाच्या वरिष्ठांचं शपथपत्र, सोबत नेमणूक पत्र, पगाराच्या पावत्या, बँक स्टेटमेंट, आयकराचे कागद, आणि पत्र का मिळत नाही याचं तुमचं एक पानी स्पष्टीकरण. माझी एक कंपनी अशीच गेली होती, एवढ्यावर काम झालं.

कामं स्वतःच्या भाषेत लिहा. 'शॉप फ्लोअरवरून बदल आले की रिव्हिजन' हे तुमचं वाक्य एनओसीतून उचललेल्या दहा वाक्यांना भारी आहे.

बाँजूर_मंडळी:
थोडं कडू बोलते. लिसनिंगचा अर्धा बँड मिळवून ४५८ झाले तरी त्यावर फार विसंबू नका. २३ एप्रिल २०२४ च्या सर्वसाधारण ड्रॉचा (आमंत्रणांच्या फेरीचा) कटऑफ ५२९ होता. बाहेरून अर्ज करणाऱ्याला प्रांताचं नामांकन (त्याचे सरळ ६००) किंवा फ्रेंच, हेच मुख्य आधार. २१ मार्च २०२५ चा फ्रेंचचा ड्रॉ ३७९ ला गेला. तुम्ही आजच त्याच्या वर आहात!

चारही कौशल्यांत एनसीएलसी (सीएलबीसारखीच फ्रेंचची पट्टी) ७ लागतं, टीईएफ किंवा टीसीएफ कॅनडा परीक्षेतून. तुमचं इंग्रजी आहेच, त्यामुळे दुसऱ्या भाषेचे १२ आणि वरचे ५० असे ६२ गुणही वाढतील. पण तीन महिन्यांत होईल असं सांगणाऱ्या क्लासवर विश्वास ठेवू नका. मला नोकरी सांभाळून चौदा महिने लागले, आणि बोलण्याच्या परीक्षेत घाम फुटला तो वेगळाच.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री हे सगळं वाचून काढलं आणि सकाळी एजंटला ईमेल टाकला.

अपडेट: त्याचं नाव यादीत नाही. ५४७६ वर माझी सही नाही. तीन फोन आले, उचलले नाहीत, प्रत्येकाला 'कृपया ईमेलवर' एवढंच उत्तर. चौथ्या दिवशी पासवर्ड आला, सोबत 'तुमचंच नुकसान आहे मॅडम'. आत जाऊन पाहिलं तर शिल्लक रक्कमही त्याने मनानेच २५,००० डॉलर टाकली होती. माझ्याकडे तेवढे नाहीत. एका माणसाला जुलै २०२५ पासून १५,२६३ कॅनेडियन डॉलर दाखवायला लागतात, ते आहेत. प्रोफाइल मागे घेतलं.

आमचे डिझाइन हेड पत्र द्यायला लगेच तयार झाले. माझा मसुदा वाचून म्हणाले, 'जिग आणि फिक्स्चरची ड्रॉइंग्ज विसरलीस की.' खरंच विसरले होते.

लिसनिंगसाठी पूर्ण परीक्षा पुन्हा देतेय, कारण अर्ज देतानाही निकाल दोन वर्षांच्या आतला लागतो आणि माझा तसाही जुना होत चाललाय. फ्रेंचचा पहिला तास झाला. आर चा उच्चार गुळण्या केल्यासारखा येतोय.

एक शेवटचा प्रश्न. दोन नोकऱ्यांच्या मध्ये तीन महिने मी घरी होते, आई आजारी होती. पर्सनल हिस्टरीत ते लिहायचे की पहिली नोकरी सोडल्याची तारीख थोडी पुढे ढकलायची? एजंटने ढकलली होती.

कागदी_घोडे:
लिहायचे. 'बेरोजगार', महिन्यांसकट. दहा वर्षांत एकही महिना रिकामा ठेवू नका, आणि तारखा शपथपत्राशी जुळताहेत ना ते दोनदा तपासा. आई कशा आहेत आता?

धागाकर्ती:
बऱ्या आहेत. सध्या माझ्यासोबत फ्रेंचचे आकडे पाठ करताहेत, माझ्या आधी सत्तरपर्यंत पोचल्या.