मदत हवी आहे: कोयतीची धार टिकत नाही

गुहागरजवळ आमची नारळ-सुपारीची वाडी आहे. वडिलांच्या हातची कोयती, जुन्या गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून घडवलेली. गेल्या महिन्यात धारवाल्याकडे दिली. त्याने ग्राइंडरवर पाणी न लावताच घासली. परत आली तेव्हा चकाचक, पण टोकाकडे बोटभर भाग निळा पडलेला! तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. पोलाद तापून निळं पडलं की लोहाराने दिलेलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरतं. आता चार झावळ्या तोडल्या की तेवढ्या भागात धार वळते, बाकी पातं ठणठणीत आहे.

घरी कुरुंदाचा दगड आणि चपटी कानस आहे. धारेवर स्केचपेनची रेघ ओढून दगड फिरवला, तर शाई फक्त वरच्या अंगाची गेली, कडेची तशीच. म्हणजे कोन चुकतोय. शिवाय कोयतीला आतून बाक, चपटा दगड तिथे बसतच नाही.

जाणकारांना विचारायचंय: निळा भाग घासून काढला तर खालचं पोलाद चांगलं निघेल, की लोहाराकडून पुन्हा पाणी द्यायला हवं? बाकासाठी अर्धगोल कानस चालेल का? आणि घासताना धारेच्या दुसऱ्या बाजूला धातूची जी बारीक तार उठते ती कशी काढता? मी लाकडावर ओढतो, पण ती नुसती इकडून तिकडे वळते.

नवी घ्या, असं कृपया सांगू नका. मूठ वडिलांच्या हाताने झिजलेली आहे.